खाडाखोड चालत नाही

पतसंस्थेच्या खिडकीत बसून मी दिवसभरात कितीतरी वारसांची नावं लिहिते. ठेवीची पावती असो, आवर्त ठेव असो की सभासदाचा अर्ज, खाली तो रकाना असतोच. माणसं मजेत असतात. "बायकोचं घाला की, नाहीतर घरात घेणार नाही," म्हणून हसतात. मीही हसते आणि लिहिते. त्यामुळे पुण्यातल्या त्या रुग्णालयात संशोधन विभागातल्या मुलीने नव्या औषधाच्या चाचणीसाठीचा दादाच्या संमतीचा कागद माझ्याकडे सरकवला आणि "काकांना बारीक अक्षर दिसत नाहीये, तुम्ही भरता का?" असं विचारलं, तेव्हा मी सवयीनेच पेन उघडलं. पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न. मग पुढचा रकाना आला. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई कोणाला द्यायची, त्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि नातं. तिथे माझं पेन थांबलं. दादा शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचा अग्निशामक नळा निरखत होता. वहिनी बाटलीत पाणी भरायला गेल्या होत्या. "काय अडलं?" त्याने विचारलं. काही नाही म्हटलं. "वारसाचं असेल. तुझ्या वहिनीचं लिही. आणि आधारवर आहे तसंच घाल, नाहीतर नंतर तिलाच हेलपाटे."

मी लिहिलं. अक्षर मात्र माझं वाटत नव्हतं.

तो रकाना तिथे का आहे, हे मी नंतर शोधून काढलं, कारण तो डोक्यातून जाईना. पूर्वी आपल्याकडे चाचण्यांमध्ये माणसं दगावायची आणि घरच्यांना काय झालं ते धड कळायचंही नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, २०१३ साली नियम बदलले आणि संमतीपत्रात वारसाचं नाव आलं. २०१९च्या नव्या नियमांतही ते कायम राहिलं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, मृत्यू झाला तर भरपाई, आणि ती वयाच्या नि धोक्याच्या सूत्राने काढायची. म्हणजे मला ज्या ओळीने घाबरवलं ती कुणीतरी भांडून मिळवलेली होती. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण पतसंस्थेत दुसऱ्या दिवशी पहिलाच अर्ज हातात आला आणि वारसाच्या रकान्यापाशी मी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे उगाच जरा जास्त वेळ बघितलं.

दादाची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. आजोबांपासूनची. सौद्याच्या दिवसांत त्याच्या शर्टाची कॉलर, पाकिटातल्या नोटा, मोटारसायकलची सीट, सगळं पिवळं असतं, आणि घरात आल्यावर तो आधी दाराशी पाय आपटतो. त्यामुळे त्याच्या नाकात खपल्या धरायला लागल्या, सकाळी शिंकरल्यावर रक्त यायला लागलं, तेव्हा अख्ख्या यार्डाने निदान करून टाकलं: धूळ. राजापुरी हळदीची कणी जास्त बारीक असते, तिने होतं असं म्हणणारे होते. तोंडाला उपरणं बांध म्हणणारे होते. देशी गाईचं तूप नाकात सोड म्हणणारे तर फार होते. तूप सोडलं. मग एका कानाने कमी ऐकू यायला लागलं. मग डोळा लाल. मग गुडघे, मनगटं. प्रत्येक अवयवाचा डॉक्टर वेगळा आणि प्रत्येकाची फाइल वेगळी. छातीच्या फोटोत डाग दिसले, तेव्हा एका ठिकाणी टीबी म्हणून औषधं सुरू झाली. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते. पण डागांत पोकळी होती, आपल्या भागात पोकळी म्हटली की टीबीच आधी आठवतो, आणि त्यात नवल नाही. औषधं चालू, वजन उतरतंय, ताप येतोय. शेवटी लघवीत रक्त सापडलं आणि मिरजेतल्या एका तरुण डॉक्टरणीने सगळ्या फायली टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या. नाक, कान, डोळा, सांधे, फुप्फुस, मूत्रपिंड. "हे सहा आजार नाहीत, काका," त्या म्हणाल्या. आपल्याच शरीरावर उलटलेली प्रतिपिंडं शोधणारी रक्ताची एएनसीए तपासणी झाली, मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, आणि नाव मिळालं: जीपीए, व्हॅस्क्युलायटिसचा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाचा एक प्रकार. शरीराची संरक्षण यंत्रणाच बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर उठते, आणि जिथे रक्तवाहिनी तिथे दुखणं.

आमच्या वडिलांचं नाक सरळ, धारदार होतं, आणि भावंडांत ते फक्त दादाला आलं होतं. आता ते मधोमध बसलंय. आतलं कुर्चेचं हाड गेलं की बाहेरून तसं दिसतं. घरात यावर कुणी बोलत नाही. पुतणीच्या साखरपुड्यात फोटोग्राफर त्याला "काका, थोडं साइडने" म्हणाला, तेव्हा वहिनींनी जेवणाची पंगत मांडायची घाई काढून दादाला तिथून उठवलं.

पहिला झटका औषधांनी आवरला. मी त्या काळात रात्र-रात्र फोनवर वाचत बसायचे, आणि वाचलेल्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे. १९५८ साली इंग्लंडमध्ये या आजाराच्या उपचाराविना राहिलेल्या रुग्णांचा आढावा छापला गेला, त्यात सरासरी आयुष्य पाच महिने, आणि वर्षाच्या आत शंभरातले ब्याऐंशी गेले. मी ते दादाला सांगितलं नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइड एकत्र देऊन माणसं वाचवता येतात, हे पुढे अमेरिकेत फाउची, वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. १९८३ साली त्यांनी ८५ रुग्णांचा अनुभव छापला. फाउची म्हणजे तेच, कोविडच्या काळात टीव्हीवर दिसायचे ते. हे मात्र दादाला सांगितलं, आणि त्याला भारी वाटलं. "ओळखीचा माणूस निघाला," म्हणाला.

मिरजेच्या डॉक्टरणीने स्टेरॉइड मात्र झपाझप उतरवलं. मी घाबरले. जुन्या लेखांत एवढ्या लवकर उतरवलेलं नव्हतं. विचारलं, तर त्यांनी शांतपणे पेक्सिव्हास या चाचणीचं नाव सांगितलं. घरी येऊन वाचलं. २०१० ते २०१६ या काळात १६ देशांतल्या ७०४ रुग्णांना या चाचणीत घेतलं होतं. सगळ्यांना गंभीर एएनसीए व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे दादाचा आजार ज्या गटातला तो. निम्म्यांचं रक्तद्रव यंत्रातून काढून बदललं, निम्म्यांचं नाही. कितीतरी वर्षं डॉक्टर तो उपाय करत आले होते, कारण तो करणं योग्यच वाटत होतं. निकाल २०२० साली आला: मृत्यू किंवा मूत्रपिंडं कायमची निकामी होणं, हे रक्तद्रव बदललेल्यांत शंभरात सुमारे २८ जणांच्या वाट्याला आलं आणि न बदललेल्यांत ३१ जणांच्या. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे त्या उपायाने भर पडते असं सिद्ध झालं नाही. त्याच लोकांचे आणखी दोन गट करून एकाला नेहमीसारखं स्टेरॉइड दिलं आणि दुसऱ्याला सहा महिन्यांत त्याच्या साठ टक्क्यांहूनही कमी. कमीवाल्यांचं काही बिघडलं नाही. उलट पहिल्या वर्षात त्यांना गंभीर जंतुसंसर्ग कमी झाले.

त्या रात्री मी फोन उशाशी ठेवला आणि झोपले नाही. ७०४ माणसं. त्यांतली कितीतरी त्या काळातच गेली. कुठल्या गावची, काय धंदा करणारी, त्यांच्या घरी कोण कोण होतं, काही माहीत नाही. त्यांतल्या काहींनी कमी स्टेरॉइड घेण्याचा धोका पत्करला, तेव्हा तो धोका आहे की फायदा हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि इकडे सांगलीत, गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत, दादाच्या डब्यातल्या गोळ्या त्यांच्यामुळे निम्म्यावर आल्या होत्या. आपण देवाला हात जोडतो, डॉक्टरांना पेढे देतो. या लोकांना काय द्यायचं?

आजार परतला. तो परततो, हे सांगितलेलंच होतं. पुन्हा उशीवर रक्ताचे ठिपके, पुन्हा वहिनींनी ते अभ्रे आम्हाला दिसण्याआधी भिजत घालणं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच विषय काढला, की चाचण्या चालू असतात, बघायला हरकत नाही. सांगली-मिरजेत अशी चाचणी सध्या नाही, पुण्या-मुंबईकडे किंवा वेल्लोर, चंदीगड अशा ठिकाणी चौकशी करावी लागेल. एवढी दवाखान्यांची मिरज, लांबलांबून माणसं इथे बरी व्हायला येतात, आणि आम्ही मिरजेहून बाहेर निघालो, याचा मला उगाच अपमान वाटला. मग विचार केला की दुर्मीळ आजाराचं असंच असणार. एका शहरात पुरेसे रुग्ण सापडत नाहीत, म्हणून तर एका चाचणीला सोळा देश लागतात.

शोधायचं काम माझ्याकडे आलं. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते; ते २००७ साली सुरू झालं आणि १५ जून २००९पासून चाचणी सुरू होण्याआधी तिथे नोंदणं सक्तीचं आहे. कुणीही बघू शकतं, पैसे लागत नाहीत. संकेतस्थळ सरकारी असल्याने दिसायला सरकारीच आहे, आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकल्याशिवाय आत सोडत नाही. पण आत गेलं की खजिना आहे. प्रत्येक चाचणीचं सोप्या भाषेतलं नाव, शास्त्रीय नाव, कोणाला घेणार, कोणाला नाही, कुठल्या शहरात कुठल्या रुग्णालयात, कुठल्या नैतिकता समितीने मंजुरी दिली, आणि चौकशीसाठी माणसाचं नाव, फोन, ईमेल. मला दोन गोष्टी ठेचा खाऊन कळल्या. एक, या आजाराचं नाव बदललेलं आहे. २०११च्या आधी त्याला वेगेनर म्हणत, म्हणून दोन्ही नावांनी शोधायचं आणि नुसतं व्हॅस्क्युलायटिस टाकूनही. दुसरं, भरतीची स्थिती आधी बघायची. पानभर वाचून, मनातल्या मनात दादाला त्यात बसवून, प्रवासाचा हिशेबसुद्धा करून झाल्यावर खाली 'पूर्ण झाली' असं दिसलं की जीव थकतो. परदेशी चाचण्यांसाठी २०००पासून चालू असलेलं अमेरिकेचं क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आहे, तिथे देश निवडला की भारतातली केंद्रं दिसतात. दिलेले फोन काही लागायचे, काही नाही. ईमेलला उत्तर मात्र बहुतेकांनी दिलं, आणि तेही नीट. मी डॉक्टर नाही हे पहिल्याच ओळीत लिहायचे, म्हणून कदाचित.

कोणाला घेणार नाही, ही यादी वाचणं हा एक वेगळाच अनुभव आहे. घेणार कोणाला, हे दोन-चार ओळींत संपतं. नाही कोणाला, ते दीड पान. मूत्रपिंडाचं काम अमुकपेक्षा कमी असलेले नकोत. कावीळ ब नको. रिटुक्सिमॅब हे याच आजारावरचं औषध नुकतंच घेतलेलं नको. गर्भवती नको. टीबी असलेला, किंवा पूर्वी होऊन गेलेला नको. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते आणि दबलेला टीबी उसळतो, म्हणून ते योग्यच. वाचताना मीच मान डोलावली, आणि मग लक्षात आलं की दादाच्या फाइलमध्ये टीबी आहे. न झालेला टीबी. पहिल्या ठिकाणी त्याच ओळीवर नकार आला. सौम्य भाषेत, दिलगिरीसह. ज्या निदानाने आधी आमचे महिने खाल्ले तेच आता दारात आडवं पडलं होतं. मी चिडले, टेबलावर हात आपटला वगैरे. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं की," आणि जेवून गाढ झोपला. त्याच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं. तो माझ्यासाठी हो म्हणत होता.

मग आम्ही भांडलो. म्हणजे घरातलं भांडण, त्यात सगळे बोलतात आणि ज्याचं दुखणं तो ऐकतो. धाकट्या काकांचं म्हणणं, परदेशी कंपन्या आपल्या माणसांवर प्रयोग करतात, आपण काय उंदीर आहोत काय. शेजारच्या मावशींनी ऐकलं होतं की पैसे मिळतात. (मिळत नाहीत. औषध, तपासण्या मोफत आणि येण्याजाण्याचा खर्च, तोही तिकीट दाखवून.) माझी चुलतबहीण म्हणाली, "दुसऱ्यांच्या भल्यासाठी ह्यानंच का जावं?" आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. २००५ साली छापलेली एक चाचणी मी वाचली होती, याच आजाराची. संधिवातात चालणारं इटानरसेप्ट हे औषध १८० जणांच्या त्या चाचणीत आजमावलं. औषध उपयोगी पडलं नाही, आणि ते घेणाऱ्यांपैकी सहा जणांना कर्करोग झाला. न घेणाऱ्यांत कुणालाच नाही. ते सहाही कुणाचे तरी दादा-ताई असणार. हे मी त्या बैठकीत सांगून टाकलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. सगळे गप्प झाले, आणि मग दादाच बोलला.

"आजोबा हरिपूरला पेवं उघडायला न्यायचे, आठवतंय काय तुला?"

आठवत होतं. हळद वर्षानुवर्षं टिकावी म्हणून जमिनीत खोल खणलेली पेवं. तोंडाचं झाकण काढून बराच वेळ तसंच ठेवायचे, आत वायू कोंडलेला असतो. मग दोरीने कंदील सोडायचे. विझला तर थांबायचं. नाही विझला तर पहिला माणूस उतरायचा, कमरेला दोर बांधून, आणि वरची माणसं त्याच्याशी सारखी बोलत राहायची. तो बोलायचा थांबला की ओढायचा. "कुणीतरी पहिलं उतरल्याशिवाय हळद वर येत नव्हती," दादा म्हणाला. "पण कंदील सोडल्याशिवाय उतरवायचे पण नाहीत. मला एवढंच बघायचंय, ह्यांनी कंदील सोडलाय का नाही."

तो प्रश्न घेऊनच आम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलो. चाचणीचं आणि औषधाचं नाव मी इथे लिहिणार नाही, रुग्णालयाचंही नाही. कागदांवर गोपनीयतेची अट आहे आणि ती मला पटते. पहाटे सांगलीहून निघायचं, पेठनाक्याला चहा, तोही आम्ही दोघींनी प्यायचा, कारण दादाचं रक्त उपाशीपोटी द्यायचं. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत उजाडलेलं असायचं आणि वहिनींच्या पिशवीतल्या धपाट्यांचा वास गाडीभर. तिथल्या डॉक्टरांनी जुन्या टीबीच्या सगळ्या चिठ्ठ्या मागितल्या, थुंकीचे निगेटिव्ह रिपोर्ट मागितले, रक्ताची टीबीची तपासणी पुन्हा केली, सीटी केला, मिरजेच्या डॉक्टरणीचं पत्र लावलं, आणि वर विचारणा केली. वहिनींनी ते जुने रिपोर्ट आधीच्या दिवाळीतल्या साफसफाईतही टाकले नव्हते. "कागद आहे, राहू दे," एवढंच त्यांचं धोरण. त्या एका धोरणाने आम्ही आत गेलो.

दादाच्या कंदिलाचं उत्तर त्या माहितीपत्रकात होतं. ते घरी न्यायला दिलं, घाई नाही म्हणाले. झोपाळ्यावर बसून मी मोठ्याने वाचलं. आधी किती लोकांना दिलं गेलं, काय काय त्रास झाले, सगळं होतं. आणि त्यात पुन्हा पुन्हा एक कबुली होती: हे औषध सध्याच्या उपचारापेक्षा चांगलं आहे का ते माहीत नाही. तुम्हाला फायदा होईल का ते सांगता येत नाही. अजून न दिसलेले दुष्परिणाम असू शकतात. वाचता वाचता मला विचित्र हलकं वाटायला लागलं. दादाच्या आजारपणात आम्हाला भेटलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. धूळच, टीबीच, वातच, बाहेरचंच, तूप सोडाच. खात्रीने बोलणाऱ्यांनीच त्याचं सगळ्यात जास्त नुकसान केलं होतं. आणि हा पहिला कागद, ज्याच्यामागे एवढे डॉक्टर, कंपनी आणि सरकारी परवानगी, तो म्हणत होता की माहीत नाही, म्हणून तर विचारतोय. मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात जण असावे लागतात, त्यात एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री, आणि एक सामान्य माणूस. त्या सामान्य माणसाला मला एकदा भेटायचंय. तो काय विचारत असेल?

दादाने मात्र एकच विचारलं, कधीही बाहेर पडता येतं का. येतं. कारण सांगावं लागत नाही. आणि नंतरचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. "मग ठीक," म्हणाला. या वेळी तो माझ्यासाठी हो म्हणत नव्हता, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. तो ताठ बसला होता.

कोणाला नवं औषध आणि कोणाला नाही, हे संगणक ठरवतो. दोन्ही गटांना नेहमीचा उपचार मिळतोच. डॉक्टरांनाही माहीत नसतं, आम्हालाही नाही. दादाला ही कल्पना इतकी आवडली की तो यार्डात सगळ्यांना समजावतो. मी त्याला रेव्ह या चाचणीची गोष्ट सांगितली होती: २०१० साली छापलेली, १९७ रुग्ण, रिटुक्सिमॅब विरुद्ध सायक्लोफॉस्फामाइड. एक सलाइनमधून जातं, दुसरं गोळी, मग ओळखू न येण्यासाठी प्रत्येकाला दोन्ही दिलं, त्यातलं एक खोटं. सहा महिन्यांनी स्टेरॉइडशिवाय आजार शांत असलेले रिटुक्सिमॅबवाल्यांत शंभरात ६४ आणि दुसऱ्यांत ५३ निघाले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत रिटुक्सिमॅबला या आजारासाठी मान्यता मिळाली. "म्हणजे खोट्या गोळ्या बनवायला पण कारखाना लागतोय," दादा म्हणाला. हळदीत भेसळ ओळखण्यात हयात गेलेला माणूस तो, त्याचं कुतूहल खरं होतं. वहिनींची मात्र खात्री आहे की दादाला खरंच औषध मिळतंय, कारण त्याला भूक लागते. काकांची खात्री आहे की पाणीच आहे. मला रोज वेगवेगळं वाटतं.

तिथल्या बाकांवर एक मुलगी भेटायची. माण तालुक्यातली, कॉलेजात जाणारी, बापाबरोबर यायची. टाकायासू आर्टेरायटिस. हाही व्हॅस्क्युलायटिसच, पण मोठ्या रोहिण्यांचा, आणि बहुतेक करून तरुण मुलींना होणारा. जपानच्या टाकायासू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९०८ साली वर्णन केलेला. तिच्या डाव्या हाताला नाडी लागत नाही. नर्स नवीन असली की आधी तोच हात धरते, मग यंत्र बदलते, मग तिच्या तोंडाकडे बघते, आणि मुलगी हसून दुसरा हात पुढे करते. आपल्याकडे हा आजार इतका आहे की तो किती चेतलाय हे मोजायची गुणपद्धतही भारतीय डॉक्टरांनीच तयार केली, आयटास २०१० नावाची. तिच्या बापाने एकदा दादाला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या पोरीला ह्यात घेत्यात काय? कुणाला भेटावं लागतंय?" दादाला काय सांगावं कळेना. मी सांगितलं की ही चाचणी वेगळ्या प्रकारची आहे, तिच्या आजाराची इथे आता चालू नाही. "पण आजाराचं नाव तर एकच म्हणत्यात," तो म्हणाला. मी त्याच्या फोनवर सीटीआरआय काढून दिलं, कसं शोधायचं ते मुलीला दाखवलं. ती पटकन शिकली. शोधल्यावर समोर काही येईल याची हमी मी देऊ शकले नाही. गाडीत बसल्यावर दादा कराडपर्यंत बोलला नाही.

आता त्याच्याकडे एक वही आहे. चाचणीची रोजनिशी. गोळी कधी घेतली, ताप किती, काही त्रास झाला का. पहिल्या खेपेला त्याने वेळ चुकीची लिहिली आणि वर गिरवली, तेव्हा ती संशोधन विभागातली मुलगी म्हणाली, "काका, खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं, सही आणि तारीख." दादाचा चेहरा उजळला. आजोबांची रोजमेळाची पद्धत अगदी हीच होती. खोडलेला आकडा दिसलाच पाहिजे, नाहीतर व्यापाऱ्याचा विश्वास बसत नाही. तेव्हापासून तो त्या मुलीला 'मुनीमजी' म्हणतो आणि ती रागावत नाही.

परवा यार्डात तो पडला. वहिनींनी फोन केला मला, मी त्या मुलीला. तिने लगेच दादाला फोन लावला आणि मला कॉन्फरन्सवर ठेवलं. कुठे पडलात, किती वाजता, चक्कर आली होती का, कुठला गुडघा, सूज आहे का, डोकं आपटलं का. दादा आधी टाळत होता. "अहो मॅडम, पोतं आडवं होतं, त्याच्यावर पाय गेला. औषधाचा काय संबंध न्हाई."

"संबंध असो नसो काका, काहीही झालं तर नोंदवायचं. संबंध आहे का ते डॉक्टर ठरवतात."

"म्हणजे पोतं पण लिहायचं?"

"लिहा ना. कसलं पोतं?"

"हळदीचं. राजापुरी. पन्नास किलोचं."

"एवढं नको, नुसतं पोतं लिहा," ती म्हणाली, आणि मग थोडं थांबून, "नाही, थांबा, राहू दे. लिहिलंय मी पन्नास किलो. आता खोडता येणार नाही."